दुरून दिलेली साक्ष

पक्ष्याजवळ जावे तर तो उडून जातो आणि दूर राहावे तर तो नीट दिसत नाही. पक्षिनिरीक्षणाची ही मूळ अडचण आहे. आजवर जी साधने निघाली, ती सारी या अडचणीवर मात करण्यासाठीच निघाली.

रायपूर शहराच्या आसपास डिसेंबर-जानेवारीच्या सकाळी एखाद्या मोठ्या जलाशयाच्या काठी उभे राहावे, म्हणजे ही अडचण तत्काळ ध्यानात येते. नवा रायपूरच्या सेंध जलाशयावर धुके विरळ होऊ लागले की पाण्याच्या मध्यभागी काळ्या ठिपक्यांची एक रांग दिसू लागते. ती बदके आहेत एवढे साध्या डोळ्यांना कळते. हातातील दोन नळ्यांच्या दुर्बिणीतून त्यांत लांब शेपटीचे तलवार बदक कोणते आणि तांबूस डोक्याची लालसरी कोणती, हेही उमगते. परंतु पलीकडच्या काठाच्या चिखलात लगबगीने टोचा मारीत फिरणारे चिमणीएवढे पक्षी छोटे टिलवे आहेत की टेमिंकचे टिलवे आहेत, हे ठरविण्यास ती दुर्बीण अपुरी पडते. छोट्या टिलव्याचे पाय काळे असतात, टेमिंकच्या टिलव्याचे पिवळसर-हिरवट असतात. दीडशे मीटरांवरून काडीएवढ्या पायांचा रंग ओळखावयाचा, आणि त्यातही पायांना चिखल लागलेला असेल तर पिवळा पायही काळाच भासावयाचा!

अशा वेळी निरीक्षकापुढे दोन मार्ग असतात. कॅमेरा घेऊन चिखलातून हळूहळू पुढे सरकत जाणे, हा पहिला. काठावरच ट्रायपॉड रोवून त्यावर स्पॉटिंग स्कोप, म्हणजे मोठ्या वर्धनाची एकनळी दुर्बीण, बसविणे आणि तिच्या नेत्रभिंगाला डिजिटल कॅमेरा किंवा मोबाइल लावून छायाचित्र घेणे, हा दुसरा. या दुसऱ्या पद्धतीस डिजिस्कोपिंग असे नाव आहे. पहिल्या मार्गाने मिळणारे चित्र पुष्कळदा अधिक देखणे असते, हे मान्य केले पाहिजे. तथापि छत्तीसगडसारख्या प्रदेशाला आज ज्याची गरज आहे ते दुसऱ्या मार्गाने अधिक चांगले साधते, असे प्रतिपादन येथे करावयाचे आहे.

पद्धतीचा जन्म

दुर्बिणीला कॅमेरा लावण्याची कल्पना नवी नाही. आकाशनिरीक्षक चंद्राची छायाचित्रे अशा रीतीने पूर्वीपासून घेत आले आहेत. पक्ष्यांच्या बाबतीत मात्र फिल्मच्या काळात ही रीत फारशी रुजली नाही. छत्तीस चित्रांचे रीळ संपावयाचे, ते धुऊन यावयाचे, आणि मग कळावयाचे की एकही चित्र नीट आलेले नाही. चूक कोठे झाली हे समजेपर्यंत पक्षी सायबेरियाला परत गेलेला असे!

डिजिटल कॅमेऱ्याने हा विलंब नाहीसा केला. १९९९ साली मलेशियातील पक्षिनिरीक्षक लॉरेन्स पोह यांनी आपला छोटा डिजिटल कॅमेरा स्कोपच्या नेत्रभिंगाशी धरून पाहिला, आणि आलेले चित्र अपेक्षेपेक्षा कितीतरी स्पष्ट निघाले. त्याच वर्षी फ्रान्समधील आलँ फोसे यांनी या पद्धतीला 'डिजिस्कोपिंग' हे नाव दिले. त्या आरंभकाळात निकॉन कंपनीचा कूलपिक्स ९५० हा कॅमेरा पक्षिनिरीक्षकांत विशेष लोकप्रिय झाला. त्याची चित्रे अवघी वीस लाख बिंदूंची होती. पण त्याचे भिंग लहान होते, लहानमोठे करताना ते बाहेर येत नसे, आणि कॅमेऱ्याचे दोन भाग एकमेकांवर फिरत असल्यामुळे पडदा डोळ्यांसमोर वळविता येई. कंपनीने तो पक्ष्यांसाठी बनविला नव्हता. वापरणाऱ्यांनीच त्याचा हा उपयोग शोधून काढला. आज तेच काम खिशातील मोबाइल करतो, आणि तो स्कोपला घट्ट बसविण्यासाठी साधी पकड बाजारात मिळते.

भिंगांचा हिशोब

ही पद्धत समजून घेण्यास प्रकाशशास्त्राच्या दोन-तीन गोष्टी पुरेशा आहेत. स्कोपच्या पुढील बाजूस असलेल्या वस्तुभिंगाचा व्यास सामान्यतः ६० ते १०० मिलिमीटर असतो आणि वर्धन बहुधा २० ते ६० पट असते. नेत्रभिंगातून बाहेर पडणारे किरण जवळजवळ समांतर असतात. म्हणून डोळ्याच्या जागी कॅमेरा ठेवला तर त्याला ते दूरच्या वस्तूपासून आल्यासारखे वाटतात, आणि चित्र ठशठशीत उमटते.

या जोडीचे एकूण नाभीय अंतर काढणे सोपे आहे. कॅमेऱ्याच्या भिंगाचे नाभीय अंतर गुणिले स्कोपचे वर्धन, हे ते अंतर होय. मोबाइलचे मुख्य भिंग जुन्या फिल्मच्या कॅमेऱ्यातील सुमारे २५ मिलिमीटरच्या भिंगाइतके दृश्य दाखविते असे धरले, तर ३० पट वर्धनाच्या स्कोपमागे ते ७५० मिलिमीटरच्या भिंगासारखे काम करते. छायाचित्रकारांचे ६०० मिलिमीटरचे मोठे भिंग सुमारे तीन किलो वजनाचे असते आणि त्याला कित्येक लाख रुपये मोजावे लागतात, हे लक्षात घेतले म्हणजे या गुणाकाराचे महत्त्व पटते.

परंतु निसर्ग काहीही फुकट देत नाही. वस्तुभिंगाच्या व्यासाला वर्धनाने भागले की नेत्रभिंगातून बाहेर पडणाऱ्या प्रकाशाच्या वर्तुळाचा व्यास मिळतो. ८० मिलिमीटरच्या स्कोपमध्ये २० पट वर्धनाला हे वर्तुळ ४ मिलिमीटरचे असते, ६० पट वर्धनाला ते सव्वा मिलिमीटरच्या आसपास येते. २० मिलिमीटर नाभीय अंतराचा छोटा कॅमेरा अशा स्कोपला लावला, तर २० पटीला एकूण नाभीय अंतर ४०० मिलिमीटर होते आणि ८० ने भागल्यावर प्रकाशाचा आकडा एफ/५ येतो. ६० पटीला तोच आकडा एफ/१५ होतो. वर्धन तिप्पट झाले, पण संवेदकावर पडणारा प्रकाश नवव्या हिश्श्यावर आला! म्हणूनच अनुभवी माणूस वर्धन कमी ठेवतो. नवशिका मात्र ते शेवटच्या टोकापर्यंत फिरवितो आणि मग काळपट, हललेल्या चित्रांबद्दल स्कोपला दोष देतो.

याखेरीज तीन शत्रू आहेत. चित्राच्या कडेला येणारे काळे वलय हा पहिला. कॅमेऱ्याचे भिंग नेत्रभिंगापासून योग्य अंतरावर व बरोबर मध्यावर नसले की ते येते, आणि पकड नीट बसविली की जाते. कंप हा दुसरा शत्रू. एवढ्या वर्धनाला बोटाचा स्पर्शही भूकंपासारखा असतो, म्हणून स्वयंचलित दोन सेकंदांची व्यवस्था किंवा दुरून चालणारी कळ वापरावी. तिसरा शत्रू हवा. रायपुरात एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळीस अंशांच्या वर चढतो, आणि तापलेल्या मातीवरून उठणाऱ्या हवेच्या लहरींत पलीकडचा पक्षी पाण्यातील प्रतिबिंबासारखा थरथरतो. यावर कोणत्याही किमतीच्या भिंगात उपाय नाही. सूर्योदयानंतरचे एक-दोन तास साधावे, हाच एक उपाय.

कातडे, चिठ्ठी आणि चित्र

एवढी खटपट कशासाठी, असे कोणी विचारील. याचे उत्तर रायपूरच्याच पंचक्रोशीतील एका इतिहासात सापडते.

रायपूरहून पूर्वेस संबळपूरकडे जाणाऱ्या रस्त्यावर, आजच्या महासमुंद जिल्ह्यात, बसना-फुलझरचा प्रदेश आहे. १८७२ साली या भागात एफ. आर. ब्लेविट यांना एक लहानसे घुबड मिळाले. १८७३ साली ए. ओ. ह्यूम यांनी त्याचे शास्त्रीय वर्णन प्रसिद्ध करून त्याला ब्लेविट यांचे नाव दिले. हाच रानपिंगळा. त्या काळी पक्षी आढळला हे सिद्ध करण्याचा सर्वमान्य मार्ग एकच होता. पक्षी मारावा, कातडे भुसा भरून जतन करावे आणि पायाला स्थळ व दिनांक लिहिलेली चिठ्ठी बांधावी. रानपिंगळ्याचे असे अवघे सात नमुने संग्रहालयांत जमा झाले. त्यांपैकी काही जेम्स डेव्हिडसन यांनी खानदेशात मिळविलेले होते. १८८४ नंतर हा पक्षी पुन्हा खात्रीने कोणाला दिसला नाही.

पुढे रिचर्ड माइनर्ट्झहागेन यांनी १९१४ साली गुजरातेतील मांडवी येथे आपण रानपिंगळा मिळविल्याचा नमुना पुढे केला. शोध घेणाऱ्यांचे लक्ष त्यामुळे भलतीकडे गेले. अमेरिकन पक्षितज्ज्ञ पॅमेला रासमुसेन यांनी विसाव्या शतकाच्या अखेरीस बारकाईने तपास करून दाखवून दिले की तो डेव्हिडसन यांचाच चोरलेला नमुना होता. कातडे नव्याने भरून त्याला खोटी चिठ्ठी लावण्यात आली होती. रासमुसेन यांनी खोटी नोंद बाजूला सारली व खऱ्या चिठ्ठ्यांचा माग धरला. १९९७ च्या नोव्हेंबरात बेन किंग व डेव्हिड अॅबट यांच्यासह त्या खानदेशात शहाद्याजवळ पोहोचल्या, आणि एकशे तेरा वर्षे हरवलेला रानपिंगळा दिवसाउजेडी झाडावर बसलेला सापडला. या वेळी बंदूक उचलण्याची गरज पडली नाही. चित्रफीत आणि छायाचित्रे यांनीच साक्ष दिली, आणि जगाने ती मानली.

या कथेतून दोन बोध निघतात. पहिला असा की पक्ष्याचा जीव न घेता, त्याला न उडविता दिलेला पुरावाही शास्त्राला चालतो. दुसरा बोध अधिक महत्त्वाचा आहे. पुराव्याचा प्राण चिठ्ठीत असतो. नमुना खरा होता, पक्षी खरा होता, केवळ स्थळ व दिनांक खोटे होते, आणि तेवढ्याने अनेकांचा शोध वाट चुकला. आज कॅमेरा प्रत्येक चित्रावर दिनांक व वेळ आपोआप नोंदवितो आणि मोबाइल स्थळही नोंदवू शकतो. तथापि पुष्कळ सुंदर चित्रे या नोंदी काढून टाकूनच लोकांपुढे येतात. स्थळ-दिनांक नसलेले देखणे चित्र भिंतीवर लावण्यास योग्य असेल, पण शास्त्राच्या दृष्टीने ते चिठ्ठी हरवलेल्या कातड्याहून अधिक मोलाचे नाही.

आक्षेपांचा विचार

या पद्धतीवर घेतले जाणारे आक्षेप निराधार नाहीत. उडत्या पक्ष्याचे छायाचित्र स्कोपमधून घेणे अतिशय कठीण आहे. दृश्य अरुंद असते, आणि पक्षी त्यात येईतो निघून जातो. नाभीकरण हाताने करावे लागते. मोठ्या भिंगाच्या कॅमेऱ्याने टिपलेली पिसांची झळाळी येथे क्वचितच मिळते. ज्याला शिकारी पक्ष्याची झेप टिपावयाची आहे त्याने स्कोपच्या मागे लागू नये, हे उघड आहे.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे आणि तो मोबाइलसंबंधी आहे. आजचे फोन चित्र घेतात त्याहून अधिक ते चित्र घडवितात. अस्पष्ट कडा ठळक करणे, रंग उजळणे, नसलेले तपशील अंदाजाने भरणे ही कामे यंत्र न विचारता करते. २०२३ साली एका प्रसिद्ध कंपनीच्या फोनने मुद्दाम अस्पष्ट केलेल्या चंद्राच्या चित्रावरही विवरांचे तपशील उमटविल्याचे एका वापरकर्त्याने दाखवून दिले, तेव्हा मोठी चर्चा झाली. टिलव्याच्या पायांचा रंग जर यंत्राच्या कल्पनेतून आला असेल, तर ती साक्ष कशी मानावी? यावर इलाज आहे. फोनमधील सुशोभनाच्या सोयी बंद कराव्यात, शक्य तेथे चित्र मूळ स्वरूपात जतन करावे, एकाच पक्ष्याची निरनिराळ्या कोनांतून अनेक चित्रे घ्यावीत, आणि डोळ्यांनी जे पाहिले ते त्याच जागी वहीत लिहून ठेवावे. वही व चित्र यांचा मेळ बसला तरच नोंद पक्की समजावी.

स्कोपची किंमत सामान्य माणसाच्या आवाक्याबाहेर आहे, असा तिसरा आक्षेप असतो. एकट्याच्या दृष्टीने तो खरा आहे. पण स्कोप ही एकट्याची वस्तू असण्याचे कारणच नाही. ट्रायपॉडवर उभा केलेला एक स्कोप सकाळभरात तीस विद्यार्थ्यांना पाणबदकाचा डोळा दाखवू शकतो, आणि त्यांतील ज्याच्याजवळ मोबाइल आहे तो त्याचे चित्रही घेऊ शकतो. लाखो रुपयांचे मोठे भिंग एकाच्याच डोळ्यासाठी असते. रायपुरात १९३५ पासून महाराष्ट्र मंडळ उभे आहे, शहरात महाविद्यालये आहेत, शाळा आहेत. अशा संस्थांनी सामाईक एक स्कोप घेतला, तर वाचनालयातील ज्ञानकोशाप्रमाणे तो अनेक वर्षे अनेकांच्या उपयोगी पडेल.

तळ्यांच्या देशात

छत्तीसगड हा तळ्यांचा देश आहे. एखाद्या गावाचे वैभव सांगावयाचे तर त्या गावाला 'छै आगर छै कोरी', म्हणजे सहा विसा आणि वर सहा, एकूण १२६ तळी असल्याचे येथे म्हणतात. गावकरी तळ्याला 'तरिया' म्हणतात. स्नान, गुरे, मासे, कमळे, शिंगाडे या साऱ्यांसाठी खणलेल्या या तळ्यांनी न मागता पाहुण्या पक्ष्यांचीही सोय केली. बेमेतरा जिल्ह्यातील गिधवा-परसदा येथील जलाशयांवर २०२१ साली राज्याचा पक्षिमहोत्सव भरला. बिलासपूर जिल्ह्यातील कोपरा जलाशयाला २०२५ च्या डिसेंबरात राज्यातील पहिले रामसर स्थळ म्हणून मान्यता मिळाली. हा सन्मान नुसत्या सौंदर्याने मिळत नाही. कोणता पक्षी, केव्हा, किती संख्येने आला याच्या नोंदी त्यामागे असाव्या लागतात.

अशा नोंदी येतात कोठून? 'स्टेट ऑफ इंडियाज बर्ड्स' हा २०२३ चा अहवाल तीस हजारांहून अधिक निरीक्षकांनी केलेल्या तीन कोटींच्या आसपास नोंदींवर उभा आहे. ही बहुतेक माणसे हौशी आहेत. परंतु पुणे, मुंबई, बंगळूर येथे जशी निरीक्षकांची दाटी आहे, तशी ती छत्तीसगडच्या खेड्यापाड्यांत नाही. जेथे पाहणारे थोडे, तेथे एकेका विश्वसनीय नोंदीचे वजन मोठे. २०२४ साली खैरागड-बेमेतरा भागात एक व्हिम्ब्रेल, म्हणजे खाली वळलेल्या लांब चोचीचा दलदलीतील पक्षी, स्थानिक निरीक्षकांच्या कॅमेऱ्यात टिपला गेला, आणि त्याच्या अंगावर माग काढणारे जीपीएस यंत्र असल्याचे दिसले. समुद्र ओलांडून हजारो किलोमीटरांचा प्रवास करणारा हा पक्षी मध्य भारताच्या शेतशिवारात उतरतो, हे त्या एका चित्राने सर्वांना कळले. तो कोणत्या भिंगाने टिपला हा प्रश्न गौण आहे. दुरून पाहणारा डोळा तेथे हजर होता, हे महत्त्वाचे.

मंगोलियात गळ्यात अक्षर-अंकांचे पट्टे घातलेले पट्टकादंब भारतातील तळ्यांवर आढळले आहेत. तो पट्टा वाचता आला तरच त्या हंसाची हकिगत कळते. एक अक्षर चुकले की एका पक्ष्याचा प्रवास दुसऱ्याच्या नावावर जमा होतो. स्कोप आणि कॅमेरा यांची जोडी अशा कामासाठीच जणू घडविलेली आहे. पक्षी शांतपणे चरत असतो, मान वळवितो, आणि पट्ट्यावरील अक्षर चित्रात उतरते.

याच पक्ष्याच्या उदाहरणाने अंतराचे मोल नीट समजेल. पट्टकादंब हिमालय ओलांडताना सात हजार मीटरांहूनही अधिक उंच उडाल्याच्या नोंदी आहेत. त्या प्रवासात खर्च झालेली शक्ती भरून काढण्यासाठी आणि परतीच्या वाटेची शिदोरी अंगात साठविण्यासाठी तो हिवाळाभर येथील शेतांत व तळ्यांकाठी चरतो. सकाळी एक छायाचित्रकार जवळ गेला म्हणून थवा उडाला, तासाभराने दुसरा गेला म्हणून पुन्हा उडाला, तर त्या शिदोरीतील वाटा आपल्या चित्रांनी खाल्ला असे म्हणावे लागेल. हिमालयाने ज्याला अडविले नाही त्याला रायपूरच्या काठावर माणसाच्या हौसेने दमवावे, ही शोभादायक गोष्ट नव्हे.

यास्तव पक्षिप्रेमींनी आपल्या यशाचे माप बदलणे इष्ट आहे. चित्रात पक्ष्याने चौकटीचा किती भाग व्यापला, यावर आज शाबासकी मिळते. त्याऐवजी चित्र घेऊन झाल्यावर पक्षी आपल्या जागीच चरत राहिला की नाही, हे आधी विचारले जावे. नंतर विचारावे की स्थळ व दिनांक लिहिले आहेत काय. या दोन प्रश्नांची उत्तरे होकारार्थी असतील, तर चित्र थोडे अंधूक असले तरी चालेल. त्यातील टिलव्याच्या पायांचा रंग पन्नास वर्षांनी कोणी विद्यार्थी पाहील, आणि त्या वेळी ते तळे उरले असेल अथवा नसेल, पण एका हिवाळ्यात तेथे कोण उतरले होते याची विश्वासार्ह साक्ष त्याच्या हाती राहील.